आयरिश पूर्वजाचे जन्मगाव कसे शोधावे: नोंदींचा क्रम, पडताळण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

आयर्लंडमधून परदेशी गेलेल्या पूर्वजाचे जन्मगाव शोधायला बसलेले बहुतेक जण पहिल्याच बैठकीत आयर्लंडच्या नोंदींचे संकेतस्थळ उघडतात, नाव आणि अंदाजे जन्मसाल भरतात आणि समोर आलेल्या यादीतून वयाला जवळचा वाटणारा एक बाप्तिस्मा आपल्या पूर्वजाचा म्हणून स्वीकारतात. मग त्या मुलाचे आईवडील, आजीआजोबा, शेत, घर असे सगळे त्यावर रचले जाते. वंशवृक्ष भरलेला दिसतो, पण ते कुटुंब दुसऱ्याच कोणाचे असते. मर्फी हे आयर्लंडमधील सर्वाधिक आढळणारे आडनाव आहे. केली आणि सुलिव्हन त्याच्या मागोमाग येतात. पॅट्रिक, जॉन, मायकल, मेरी, ब्रिजेट ही नावे तर घरोघरची. एवढ्या थोड्या नावांत इतकी माणसे सामावलेली असताना केवळ नाव आणि वय यांवरून कोणाचीही ओळख पटत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या क्रमाचा पाया असा: पूर्वज जिथे जाऊन राहिला त्या देशातील कागदांतून गावाचे, निदान पॅरिशचे (एका चर्चच्या हद्दीत येणाऱ्या भागाचे) नाव हाती येईपर्यंत आयर्लंडच्या नोंदींत निष्कर्ष काढायला बसू नये.

हा शोध मराठी मुलखाशी संबंधित घरांतही निघतो. पुणे, खडकी, मुंबई येथील छावण्यांत आयरिश सैनिक राहिले, त्यांची लग्ने झाली, मुले झाली. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आयरिश वंशाची सून किंवा जावई असतो. शिवाय आजी किंवा आजोबा आयर्लंडच्या बेटावर जन्मलेले असतील, तर नातवंडांना परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालून आयरिश नागरिकत्व घेता येते आणि त्या अर्जाला आजीआजोबांचा जन्मदाखला जोडावा लागतो.

## तयारी: नेमके काय शोधायचे आहे ते ठरवणे

‘जन्मगाव कॉर्क’ किंवा ‘जन्मगाव मेयो’ हे उत्तर पुरेसे नाही. ती जिल्ह्यासारखी मोठी परगण्यांची नावे आहेत. त्यांना तिथे काउंटी म्हणतात आणि बेटावर अशा ३२ काउंटी आहेत. आपले लक्ष्य आहे टाउनलँड. सातबाऱ्यावर ‘मौजे’ या शब्दापुढे जसे गावाचे नाव येते, तसे आयर्लंडच्या जमिनीच्या, जन्माच्या आणि जनगणनेच्या कागदांवर टाउनलँडचे नाव येते. मात्र टाउनलँड पुष्कळदा आपल्या गावापेक्षा फार लहान, काही मोजक्या घरांचा असतो, आणि सबंध बेटावर असे साठ हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. टाउनलँडच्या वर सिव्हिल पॅरिश (सरकारी कामासाठी धरलेली पॅरिश), तिच्यावर बॅरनी (काउंटीचा जुना उपविभाग), तिच्यावर काउंटी अशी उतरंड आहे.

कामाला बसण्यापूर्वी एका कागदावर पूर्वजाची ओळखपत्रिका तयार करावी. तिच्यात पुढील गोष्टी हव्यात: पूर्ण नाव आणि घरात चालणारे लघुनाम, जन्मसालाची मर्यादा (एकच साल नव्हे, तर ‘१८३८ ते १८४४’ असा पट्टा), धर्मपंथ, आईवडिलांची नावे, आणि आईचे माहेरचे आडनाव मिळाले तर तेही, भावंडांची नावे, पतीचे किंवा पत्नीचे नाव, आयर्लंड सोडल्याचे अंदाजे साल. प्रत्येक माहितीपुढे ती कोणत्या कागदावरून घेतली ते लिहावे. ‘आजी सांगत असे’ हाही आधार आहे, परंतु तो तसाच लिहावा, दाखल्याच्या बरोबरीने मांडू नये.

दुसरी वही शोधाच्या नोंदीची. कोणती नोंदवही पाहिली, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, नावाची कोणती रूपे तपासली आणि काय मिळाले नाही, हे सर्व तिच्यात यावे. जे मिळाले नाही त्याची नोंद शेवटच्या टप्प्यात सर्वाधिक उपयोगी पडते. तरीही ती ठेवण्याचा कंटाळा जवळपास सगळ्यांनाच येतो.

पडताळणी: धर्मपंथ नक्की ठाऊक आहे का? रोमन कॅथलिक आणि चर्च ऑफ आयर्लंड व प्रेस्बिटेरियन हे दोन प्रॉटेस्टंट पंथ यांच्या नोंदवह्या वेगळ्या, त्या ठेवण्याची ठिकाणे वेगळी आणि त्यांचे नशीबही वेगळे. पंथ चुकला तर पुढचे सगळे शोध रिकामे परततात.

## टप्पा १: स्थलांतराच्या देशातील नोंदी संपवणे

या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा. एखाद्या माणसाने आयुष्यात सरकारला, चर्चला, बँकेला, सैन्याला जी जी माहिती दिली, त्यांपैकी एखाद्या कागदावर गावाचे नाव उतरलेले असते. तो कागद कोणता हे देशागणिक बदलते.

अमेरिकेत जनगणनेच्या पानावर जन्मस्थान म्हणून बहुधा ‘आयर्लंड’ एवढेच असते. तरीही १९०० च्या जनगणनेत स्थलांतराचे साल आणि १९२० च्या जनगणनेत नागरिकत्वाचे साल विचारलेले आहे, आणि त्या आधाराने नागरिकत्वाचे कागद गाठता येतात. हे कागद सप्टेंबर १९०६ पूर्वीचे असतील तर त्यांत पुष्कळदा फक्त देशाचे नाव मिळते; त्यानंतरच्या नमुन्यात जन्मतारीख आणि जन्मगाव विचारलेले असते. जहाजांच्या याद्यांचेही तसेच: १९०७ नंतरच्या याद्यांत जन्मस्थान आणि मायदेशातील जवळच्या नातेवाइकाचे नाव-पत्ता असतो, जुन्या याद्यांत तो शोधण्यात अर्थ नाही. जून १९१७ च्या सैन्यनोंदणीच्या कार्डावर जन्मगाव आहे. सप्टेंबर १९१८ च्या कार्डावर तो रकानाच नाही. एप्रिल १९४२ मध्ये वयस्कर पुरुषांची जी नोंदणी झाली, तिच्या कार्डावर तो पुन्हा आहे. न्यूयॉर्कमधील एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेने १८५० पासून खातेदारांची ओळख पटावी म्हणून त्यांचे मूळ ठिकाण आणि नातेवाईक लिहून ठेवले. बॉस्टनच्या ‘पायलट’ या वृत्तपत्रात १८३१ पासून हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या जाहिराती येत. त्यांत काउंटी, पॅरिश आणि कधी टाउनलँडही सापडतो. कॅथलिक चर्चमधील लग्नाची मूळ नोंद, मृत्युलेख आणि थडग्यावरचा मजकूर तर पाहायलाच हवा.

ऑस्ट्रेलियातील शोधकाची स्थिती बरी असते. व्हिक्टोरियात १८५३ पासून आणि न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ पासूनच्या मृत्युदाखल्यांवर जन्मस्थान, आईवडिलांची नावे आणि वसाहतीत किती वर्षे राहिले ते असते. न्यू साउथ वेल्सला सरकारी मदतीने गेलेल्यांच्या याद्यांत मूळ ठिकाण आणि आईवडिलांची नावे मिळतात. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासूनचा मृत्युदाखला आईवडिलांची नावे देतो, आईच्या माहेरच्या आडनावासह. इंग्लंडचा मृत्युदाखला त्या काळात हे काहीच देत नाही. तिथे १८५१ पासूनच्या प्रत्येक जनगणनेचे पान पाहावे, कारण दहा वेळा ‘आयर्लंड’ लिहिणारा कारकून एखाद्या वेळी काउंटी किंवा गाव लिहून जातो.

सावधान: बंदराचे नाव म्हणजे जन्मगाव नव्हे. ‘क्वीन्सटाउन’ हे ज्या बंदरातून जहाज सुटले त्याचे तेव्हाचे नाव होते. आज ते कोव्ह म्हणून ओळखले जाते. क्वीन्सटाउन किंवा कॉर्क असे लिहिलेला माणूस केरीचा, क्लेअरचा किंवा टिपरेरीचाही असू शकतो.

सावधान: दाखल्यावरील माहिती देणारा कोण होता ते पाहावे. मृत्युदाखला मुलगा किंवा जावई भरून देतो. आपल्या लग्नाची किंवा बँकेची माहिती पूर्वजाने स्वतः दिलेली असते. दोन्हींत फरक पडल्यास स्वतः दिलेल्या माहितीला अधिक वजन द्यावे.

## टप्पा २: पूर्वज भारतात सैनिक असल्यास

मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन ३’ या क्रमांकाखाली आहेत आणि त्यांच्या सूची फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर मिळतात. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ या संस्थेच्या संकेतस्थळावरही मोफत शोध घेता येतो. कॅथलिकांच्या नोंदी या प्रतींमध्ये कमी भरतात, म्हणून संबंधित चर्चची मूळ नोंदवही कोठे आहे त्याचीही चौकशी करावी.

या नोंदींत जन्मगाव शोधण्यात लोक दिवस घालवतात आणि निराश होतात. त्यांचा खरा उपयोग पलटणीचे नाव, हुद्दा आणि तारीख मिळवण्यासाठी आहे. जन्मगाव पलटणीच्या कागदांत मिळते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: सैनिक राणीच्या फौजेतला की ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला? राणीच्या फौजेतून निवृत्तिवेतन घेऊन बाहेर पडलेल्यांचे कागद लंडनजवळ क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजमध्ये ‘डब्ल्यूओ ९७’ या मालिकेत आहेत. त्यांत जन्माची पॅरिश, जवळचे शहर आणि काउंटी असा तिहेरी तपशील असतो, आणि आमच्या कामाला याहून नेमका कागद क्वचितच मिळतो. कंपनीच्या मुंबई फौजेतील गोऱ्या शिपायांच्या भरतीच्या आणि हजेरीच्या वह्या ब्रिटिश लायब्ररीत पाहाव्या लागतात.

सावधान: १८८३ पूर्वीच्या ‘डब्ल्यूओ ९७’ मध्ये नोकरीत असताना मेलेल्याचे कागद बहुधा सापडत नाहीत. पुण्याच्या किंवा खडकीच्या दफनभूमीत पुरलेल्या शिपायासाठी पलटणीच्या हजेरीपटाकडे वळावे.

सावधान: पलटणीच्या नावावरून गाव ठरवू नये. रॉयल डब्लिन फ्युसिलिअर्सची दुसरी बटालियन म्हणजे मूळची कंपनीची मुंबईची गोरी पलटण. ती आधी १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युसिलिअर्स झाली आणि १८८१ मध्ये तिला डब्लिनचे नाव मिळाले. नाव डब्लिनचे म्हणून शिपाई डब्लिनचा होत नाही. भरती झालेले शहर हेही जन्मगाव नसते. गावाकडची मुले जवळच्या बाजारपेठेत जाऊन नाव नोंदवत.

## टप्पा ३: भोवतालची माणसे

पूर्वजाच्या स्वतःच्या कागदांत गाव मिळाले नाही, तर त्याच्या भावाचे, बहिणीचे, मुलांच्या धर्मपिता-धर्ममातांचे, लग्नाच्या साक्षीदारांचे आणि थडग्याशेजारी पुरलेल्या माणसांचे कागद काढावेत. आयरिश स्थलांतर साखळीने झाले: आधी एक भाऊ जाई, तो पैसे पाठवी, मग बहीण, मग चुलतभाऊ, मग शेजारचा मुलगा. त्यामुळे परदेशातील एकाच गल्लीत एकाच पॅरिशची माणसे राहत. पूर्वजाच्या नावावर काही नसले, तरी अविवाहित बहिणीच्या मृत्युलेखात किंवा मेव्हण्याच्या नागरिकत्वाच्या अर्जात गाव मिळाल्याची उदाहरणे या क्षेत्रात नित्याची आहेत.

येथे विरळ आडनाव शोधावे. पूर्वज मर्फी असेल, पण त्याच्या मुलाची धर्ममाता एखाद्या अगदी मर्यादित भागात आढळणाऱ्या आडनावाची असेल, तर शोध तिच्या आडनावावरून चालवावा. आडनावांची काउंटीनिहाय विभागणी १८९० च्या जन्मनोंदींच्या आधारे १८९४ च्या एका सरकारी अहवालात दिलेली आहे, आणि दोन आडनावे एकत्र कोठे येतात हे त्यावरून पुष्कळ अंशी कळते.

पडताळणी: हे तीन टप्पे संपल्यावर हातात निदान एका जागेचे नाव आणि आईवडिलांपैकी एकाचे नाव असायला हवे. नसल्यास मागे जाऊन उरलेले कागद पाहावेत. पुढे जाण्याची घाई येथेच होते, आणि लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली चूकही येथेच घडते.

## टप्पा ४: मिळालेले नाव नकाशावर बसवणे

मिळालेले नाव बहुधा बिघडलेले असते. आयरिश उच्चाराचे नाव बोस्टनमधील किंवा सिडनीतील कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले. सांगणाऱ्याला पुष्कळदा स्वतःला लिहिता येत नव्हते. म्हणून ते नाव मोठ्याने वाचावे, स्वर बदलून पाहावेत, जोडाक्षरे सुटी करावीत. बॅली, किल, नॉक, ड्रम, क्लून, राथ अशी सुरुवातीची पदे असंख्य टाउनलँडांच्या नावांत येतात. त्यांपैकी एखादे ओळखू आले की उरलेल्या भागावर लक्ष देता येते. मग लॉगेन्म या आयर्लंडच्या अधिकृत स्थलनामकोशात शोध घ्यावा. तिथे प्रत्येक जागेची सिव्हिल पॅरिश, बॅरनी आणि काउंटी दिलेली असते, आणि अनेक ठिकाणी जुन्या कागदांतील लेखनरूपेही मिळतात.

एकाच नावाचे टाउनलँड अनेक काउंटींत असतात. सर्व जुळणाऱ्या जागांची यादी करावी, एकही सोडू नये आणि कोणतीही आत्ताच निवडू नये. किंग्ज काउंटी म्हणजे आजची ऑफली, क्वीन्स काउंटी म्हणजे लीश, एवढे लक्षात ठेवावे. या नावांनी अडखळलेले शोध बरेच आहेत.

प्रत्येक उमेदवार जागेपुढे चार गोष्टी लिहाव्यात: सिव्हिल पॅरिश, कॅथलिक पॅरिश, नोंदणी जिल्हा आणि काउंटी. सिव्हिल पॅरिश आणि कॅथलिक पॅरिश यांच्या सीमा जुळत नाहीत, नावेही पुष्कळदा निराळी असतात. नोंदणी जिल्हे तर गरीब-कायद्याच्या युनियनांवर (गरिबांना मदत देण्यासाठी केलेल्या विभागांवर) आखलेले आहेत आणि युनियन बाजाराच्या गावाभोवती आखल्यामुळे ते काउंटीची हद्द सहज ओलांडतात. बॅलिनस्लो हे शहर गॉलवेत आहे, परंतु त्या नोंदणी जिल्ह्यात रॉसकॉमनचाही भाग येतो. सूचीत ‘बॅलिनस्लो’ वाचून ‘आमचे लोक रॉसकॉमनचे, म्हणजे हे नव्हेत’ असे म्हणणारा शोधक बरोबर असलेली नोंद स्वतःच्या हाताने बाजूला टाकतो.

## टप्पा ५: नागरी नोंदणी

जन्म, मृत्यू आणि सर्व विवाह यांची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. कॅथलिक सोडून इतरांच्या विवाहांची १८४५ पासून. सरकारच्या आयरिशजिनिऑलॉजी या संकेतस्थळावर शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू मूळ पानांसह मोफत पाहता येतात. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंटींच्या नोंदींसाठी बेलफास्टच्या महानिबंधक कार्यालयाचे संकेतस्थळ वापरावे. तिथे शुल्क पडते.

सूचीवर थांबू नये, पान उघडावे. जन्माच्या पानावर जन्माचा टाउनलँड, वडिलांचा धंदा आणि राहण्याचे ठिकाण, आईचे माहेरचे आडनाव आणि नोंद करणाऱ्याचे नाव असते. विवाहाच्या पानावर दोघांच्या वडिलांची नावे आणि राहण्याची ठिकाणे असतात, पण ती जन्मस्थाने नव्हेत, आणि वयाच्या रकान्यात नुसते ‘सज्ञान’ असे लिहिलेले पुष्कळदा आढळते. आयर्लंडच्या जुन्या मृत्युपानावर आईवडील नाहीत, जन्मस्थान नाही.

पूर्वजाचा जन्म १८६४ पूर्वीचा असला, तरी हा टप्पा वगळू नये. मागे राहिलेल्या धाकट्या भावंडांचे जन्म, बहिणीचे लग्न, आईचा मृत्यू या नोंदी १८६४ नंतरच्या असू शकतात आणि त्यांवरून टाउनलँड मिळतो.

सावधान: मुदतीनंतर जन्म नोंदवल्यास दंड होता, म्हणून पालक जन्मतारीख पुढे ढकलून सांगत. बाप्तिस्म्याची तारीख सरकारी जन्मतारखेच्या आधीची दिसली, तर ती दोन वेगळी मुले आहेत असे लगेच समजू नये. सुरुवातीच्या काळात काही जन्मांची नोंदच झाली नाही, हेही ध्यानात ठेवावे.

## टप्पा ६: पॅरिशच्या नोंदवह्या

कॅथलिक पॅरिशच्या सुमारे १८८० पर्यंतच्या नोंदवह्यांची छायाचित्रे आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये मोफत खुली केली. त्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येत नाही. पॅरिश निवडून महिन्यामागून महिना पाने वाचावी लागतात. नावांची सूची फाइंडमायपास्ट आणि अँसेस्ट्री या संकेतस्थळांवर आहे, तर काउंटींच्या वंशावळी केंद्रांनी केलेल्या नकला रूट्सआयर्लंड या संकेतस्थळावर शुल्क भरून मिळतात. सूचीत नाव नाही म्हणून नोंद नाही असे मानू नये. शाई फिकी, हस्ताक्षर घाईचे आणि भाषा पुष्कळदा लॅटिन, त्यामुळे सूची करणारे चुकतात. ‘याकोबुस’ म्हणजे जेम्स, ‘गुलिएल्मुस’ म्हणजे विल्यम, ‘होनोरिया’ म्हणजे नोरा, ‘योआनेस’ म्हणजे जॉन. इंग्रजीतही जेरमाया आणि डार्बी एकच माणूस असतो, ब्रिजेटला डेलिया म्हणत, आणि आडनावाच्या आधीचे ‘ओ’ किंवा ‘मॅक’ कधी येते, कधी गळते.

नोंदवही कोणत्या सालापासून उपलब्ध आहे ते आधी पाहावे. शहरांतील वह्या अठराव्या शतकातही जातात. पश्चिमेकडील अनेक पॅरिशच्या वह्या त्याहून पुष्कळ उशिरा सुरू होतात, आणि मधली पानेही गहाळ असतात. पूर्वजाच्या जन्मसालाची वहीच नसेल, तर त्याच पॅरिशमध्ये धाकट्या भावंडांचे बाप्तिस्मे शोधावेत.

चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून अधिक जुन्या नोंदवह्या ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील सार्वजनिक अभिलेखागाराच्या आगीत गेल्या. उरलेल्या वह्या डब्लिनच्या रिप्रेझेंटेटिव्ह चर्च बॉडी लायब्ररीत आणि बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागारात पाहाव्यात. प्रेस्बिटेरियन कुटुंबांचा शोधही बेलफास्टमध्येच घ्यावा.

पडताळणी: बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात पाहावे. १९०८ पासून कॅथलिक चर्चच्या नियमाने विवाहाची माहिती बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवली जाऊ लागली. १८७० ते १८८० या दशकात जन्मलेल्या एखाद्याच्या नावापुढे समासात न्यूयॉर्क किंवा बोस्टनच्या चर्चचे नाव, तारीख आणि जोडीदाराचे नाव मिळाले, तर ओळख नक्की झाली. सूचीत हे समास उतरत नाहीत. मूळ पान पाहणाऱ्यालाच ते दिसतात.

## टप्पा ७: जनगणना आणि जमीन

एकोणिसाव्या शतकातील जनगणना जवळजवळ संपूर्ण नष्ट झालेल्या आहेत: काहींची पाने १९२२ च्या आगीत गेली, काहींची सरकारनेच नष्ट केली. १९०१ आणि १९११ च्या जनगणना पूर्ण उपलब्ध आहेत आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यांत राहण्याचा टाउनलँड मिळतो, परंतु आयर्लंडमध्ये जन्मलेल्याच्या जन्मस्थानाच्या रकान्यात फक्त काउंटी किंवा शहर असते. मागे राहिलेला भाऊ कोठे राहतो हे पाहण्यासाठी त्यांचा उपयोग करावा.

सावधान: १९०१ मध्ये ५८ वर्षांचा असलेला माणूस १९११ मध्ये ७२ वर्षांचा दिसला तर गोंधळू नये. जानेवारी १९०९ पासून सत्तरीनंतर सरकारी पेन्शन मिळू लागली आणि पुष्कळांची वये एकदम वाढली. जन्मदाखला नसलेल्या अर्जदारांचे वय १८४१ आणि १८५१ च्या तेव्हा शिल्लक असलेल्या जनगणनेतून तपासले जाई. त्या तपासणीचे अर्ज राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांवर आईवडिलांची नावे व टाउनलँड असतो. भावंडांपैकी कोणी आयर्लंडमध्ये सत्तरीपर्यंत जगले असेल, तर हे अर्ज पाहिल्याशिवाय काम पुरे समजू नये.

ग्रिफिथचे मूल्यांकन, म्हणजे कर ठरवण्यासाठी केलेली जमीन-घरांची पाहणी, १८४७ ते १८६४ या काळात काउंटीमागून काउंटी प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक टाउनलँडमधील जमीन किंवा घर धारण करणाऱ्याचे आणि ते खंडाने देणाऱ्याचे नाव आहे. फक्त धारकाचे नाव असते. बायको, मुले, घरात राहणारी इतर माणसे नसतात. एकाच टाउनलँडमध्ये दोन पॅट्रिक मर्फी असल्यास त्यांना वेगळे करण्यासाठी नावापुढे कंसात वडिलांचे नाव किंवा केसांचा रंग लिहिलेला असतो. ही खूण उतरवून घ्यावी. त्यानंतरच्या फेरतपासणीच्या वह्यांत धारक बदलला की जुने नाव खोडून नवे नाव आणि साल रंगीत शाईत लिहिलेले असते. वडिलांचे नाव खोडून त्याखाली विधवेचे किंवा मुलाचे नाव येते आणि तो मुलगा १९०१ च्या जनगणनेत त्याच टाउनलँडमध्ये सापडतो, तेव्हा साखळी जुळते. सहा उत्तरेकडील काउंटींच्या या वह्या बेलफास्टच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहेत. त्याआधीच्या काळासाठी १८२३ ते १८३७ मधील टाइथ अॅप्लॉटमेंट वह्या, म्हणजे चर्चसाठीच्या दशमांश कराच्या आकारणीच्या वह्या, पाहाव्यात. त्यांतील एकर पुष्कळदा आयरिश एकर असतो, म्हणजे सुमारे १.६२ इंग्रजी एकर, त्यामुळे ग्रिफिथशी क्षेत्रफळ ताडताना हिशेब करावा.

## टप्पा ८: हाच माणूस, हे सिद्ध करणे

नाव, वय आणि काउंटी जुळली म्हणजे उमेदवार मिळाला, पुरावा मिळाला नाही. या टप्प्यावर त्या पॅरिशमध्ये आणि शेजारच्या पॅरिशमध्ये त्याच नावाची, आपल्या जन्मसालाच्या पट्ट्यात बसणारी सगळी मुले यादीत घ्यावीत आणि एकेकाला वगळत जावे. एक मूल लहानपणीच मेले असेल, दुसरे १९०१ मध्ये त्याच गावात शेती करताना सापडेल, तिसऱ्याचे लग्न गावातच झालेले असेल. प्रत्येकाला वगळण्याचे कारण आणि त्याचा आधार वहीत लिहावा. सगळे वगळून एकच उरला, तरच पुढे जावे. दोन उरले असतील, तर दोघांची नावे तशीच ठेवावीत आणि वंशवृक्षात कोणालाही जोडू नये. वर्षानुवर्षे रिकामी राहिलेली जागा चुकीच्या कुटुंबाने भरलेल्या जागेपेक्षा कितीतरी चांगली, असे माझे ठाम मत आहे, कारण ती चूक इतर लोक आपल्या वंशवृक्षात उतरवून घेतात आणि मग ती पुसता येत नाही.

उरलेल्या उमेदवाराला तीन कसोट्या लावाव्यात. आईच्या माहेरच्या आडनावासह आईवडील परदेशातील कागदांशी जुळतात का? भावंडांचा संच जुळतो का, म्हणजे परदेशात गेलेले भाऊबहीण त्याच घरात बाप्तिस्मा घेतलेले दिसतात का? धर्मपिता-धर्ममाता किंवा साक्षीदार यांपैकी एखादे आडनाव परदेशातील कागदांत पुन्हा येते का? तिन्ही जुळल्यास ओळख पक्की धरावी. मोठ्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव देण्याची प्रथा पुष्कळ घरांत होती; ती आधार म्हणून घ्यावी, पुरावा म्हणून नाही.

डीएनए चाचणी केलेली असेल, तर ती या कसोट्यांच्या जोडीला वापरावी. त्याच टाउनलँडमधील कुटुंबाच्या, कागदांनी सिद्ध झालेल्या वंशजाशी जुळणी झाली तर तिला वजन आहे. ‘अमुक टक्के आयरिश’ या आकड्यावरून गाव कळत नाही.

नागरिकत्वाच्या अर्जासाठी हे काम करणाऱ्यांनी संकेतस्थळावरील पानाची छापील प्रत न जोडता रॉसकॉमन येथील महानिबंधक कार्यालयाकडून पूर्ण तपशिलाचा अधिकृत दाखला मागवावा. जन्म उत्तरेकडील सहा काउंटींतला असेल, तर तो बेलफास्टकडून मागवावा. मागणीच्या अर्जात नोंदीचे साल, नोंदणी जिल्हा आणि आईचे माहेरचे आडनाव, ही टप्पा ५ मध्ये उतरवून घेतलेली माहिती भरावी. दाखला हाती आल्यावर त्यावरील नावांचे लेखन पुढच्या पिढीच्या जन्म आणि विवाहाच्या दाखल्यांशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, आणि फरक असेल तर त्याचे स्पष्टीकरण व आधार अर्ज पाठवण्यापूर्वीच तयार ठेवावेत.